त्रुटीचे पान : ते कसे लिहावे, कसे दाखवावे

शिष्यवृत्तीच्या अर्जाचा अखेरचा दिवस आहे, असे समजू या. नुकतीच दहावी उत्तीर्ण झालेली एक मुलगी वडिलांसह तालुक्याच्या गावी संगणक केंद्रावर येते. गुणपत्रिका, उत्पन्नाचा दाखला, बँकेच्या पासबुकाची प्रत असे सारे जोडून ती ‘सादर करा’ हे बटण दाबते आणि पडद्यावर इंग्रजीतील तीस-चाळीस अगम्य ओळी उमटतात. वडील हळूच विचारतात, “तुझं काही चुकलं का गं?” तिलाही तसेच वाटते. वस्तुतः बिघाड दूरच्या सर्व्हरवर झालेला असतो. पण तसे सांगणारे पान कोणी लिहिलेलेच नसते. जे विद्यार्थी आज संगणकशास्त्र शिकत आहेत वा त्या व्यवसायात आहेत, त्यांच्यासाठी हा पाठ आहे. इतरांनाही त्यातून पडद्यामागील व्यवहार कळावा, ही अपेक्षा.

क्रमांकांचा अर्थ

ब्राउझरने पान मागितले की सर्व्हर उत्तरासोबत एक तीन अंकी स्थिती-क्रमांक पाठवतो. पहिला अंक 2 असल्यास काम झाले, 3 असल्यास पुढील कार्यवाही दुसऱ्या पत्त्यावर, 4 असल्यास मागणीत अडचण आणि 5 असल्यास सर्व्हरकडे बिघाड, असा ढोबळ संकेत आहे. 404 म्हणजे मागितलेले पान सापडले नाही. 403 म्हणजे ते पाहण्यास अनुमती नाही. 500 म्हणजे सर्व्हरवर अनपेक्षित बिघाड. 503 म्हणजे सेवा तूर्त बंद.

स्वतःचे पान दाखवणे

उदाहरणादाखल पायथन भाषेतील जँगो ही चौकट घेऊ. तिच्यात ‘डीबग’ नावाची एक मांडणी असते. ती चालू असताना बिघाड झाल्यास प्रोग्रॅमचा मार्ग, फाइलींची नावे, चलांची मूल्ये असा तपशील पडद्यावर येतो. प्रोग्रॅम लिहिणाऱ्यास तो उपयुक्त ठरतो. अर्जदारास त्याचा उपयोग नाही आणि घुसखोरास तो आयता नकाशाच मिळतो. म्हणून संकेतस्थळ लोकांसाठी खुले करण्यापूर्वी ‘डीबग’ बंद केलेच पाहिजे. त्यानंतर साच्यांच्या मूळ फोल्डरमध्ये 404 व 500 या नावांच्या एचटीएमएल फाइली ठेवल्या की जँगो आपल्या ठरावीक पानांऐवजी त्या दाखवते. बिघाडाचा तपशील नष्ट करावयाचा नसतो. तो सर्व्हरवरील नोंदवहीत, म्हणजे ‘लॉग’मध्ये, जावा. एका त्रुटीचे असे दोन वाचक असतात आणि दोघांना दोन वेगळे मजकूर हवे असतात.

तीन सावधानता

पहिली : 500चे पान साधे असावे. त्या पानावर वापरकर्त्याचे नाव किंवा ताज्या सूचना डेटाबेसमधून आणण्याचा मोह होतो. परंतु मूळ बिघाड डेटाबेसचाच असेल, तर हे पानही कोसळते. मजकूर फाइलीतच लिहिलेला असावा. पानाची भाषा मराठी आणि अक्षर-संकेत यूटीएफ-8 असल्याचे आरंभीच घोषित करावे, अन्यथा अक्षरांऐवजी खुणा दिसण्याचा संभव असतो.

दुसरी : क्रमांक खरा ठेवावा. पानावर ‘सापडले नाही’ असे लिहून सोबत 200, म्हणजे ‘सर्व ठीक’, हा क्रमांक पाठवणे ही नित्य आढळणारी चूक आहे. माणसाला ती दिसत नाही. पण शोधयंत्रे ते पान खरे समजू शकतात आणि देखरेख करणाऱ्या प्रणालीला बिघाडाचा पत्ताच लागत नाही. अपाचे सर्व्हरमध्ये त्रुटीच्या पानाचा पत्ता ‘एचटीटीपी’पासून पूर्ण लिहिला, तर सर्व्हर ब्राउझरला तिकडे वळवतो आणि मूळ क्रमांक हरवतो. म्हणून तेथे स्थानिक मार्गच द्यावा.

तिसरी, आणि सर्वांत महत्त्वाची : जे ठाऊक आहे तेच सांगावे. त्या मुलीचा खरा प्रश्न एकच असतो : ‘माझा अर्ज पोचला की नाही?’ याचे उत्तर पानाच्या मजकुरात नव्हे, प्रोग्रॅमच्या रचनेत असते. अर्जाच्या सर्व नोंदी एकाच ‘ट्रान्झॅक्शन’मध्ये केल्या, तर मध्येच बिघाड होताच डेटाबेस त्या सर्व मागे घेतो, अर्धवट अर्ज उरत नाही. शुल्क मात्र बँकेमार्फत गेले असेल, तर ते असे मागे येत नाही. यास्तव मजकूर पुढीलप्रमाणे असावा :

“आमच्या यंत्रणेत बिघाड झाला आहे. यात आपली चूक नाही. आपला अर्ज नोंदला गेला की नाही, हे ‘माझे अर्ज’ या पानावर पाहावे. ते पाहिल्याशिवाय शुल्क पुन्हा भरू नये.”

खाली मदतीचा दूरध्वनी आणि नोंदवहीतील त्या बिघाडाशी जुळणारा संदर्भ-क्रमांक द्यावा. हा क्रमांक आधीच्या प्रोग्रॅमने दिलेला असावा. तो मिळाला नाही, तरी पान उघडले पाहिजे.

अभ्यास

आपल्या संगणकावर ‘डीबग’ बंद करून अस्तित्वात नसलेला पत्ता उघडावा. मग मुद्दाम एक बिघाड घडवावा, डेटाबेस बंद करून पाहावा आणि प्रत्येक वेळी ब्राउझरच्या तपासणी-साधनात क्रमांक पडताळावा. शेवटी ते पान संगणक न जाणणाऱ्या घरातील एखाद्या वडीलधाऱ्यास वाचावयास द्यावे. आता पुढे काय करायचे, हे त्यांना न विचारता कळले, तर पान तयार झाले असे समजावे.