व्यसनमुक्तीचा खर्च आणि ‘लपवणे’ नावाची रक्कम

माझ्या मावसभावाकडे दोनशे पानी वही आहे. व्यसनमुक्ती केंद्रातल्या समुपदेशकानं रोजचा खर्च लिहायची सवय लावली, ती टिकली. त्यातलं एक पान त्यानं मला मुद्दाम दाखवलं. क्वार्टर १६०. रिक्षा ९०. लॉज, दोन रात्री, १४००. तीन खाडे, २१००. खाली रेघ मारून बेरीज ३७५०. शेजारी नंतर कधीतरी वेगळ्या पेननं लिहिलेलं: ‘यातले दारूचे १६०. बाकी तोंड लपवण्याचे.’

त्याच्यावर गांजाची केस होती आणि कोर्टाच्या हुकमानं उपचार चालू होते. सात महिने कोरडे गेले आणि एका संध्याकाळी स्लिप झाली, म्हणजे तो पुन्हा प्यायला. ‘आता रिपोर्ट खराब जाणार, घरचे उभं करणार नाहीत’ असं मनाशी ठरवून तो घरी गेलाच नाही, फॉलोअपलाही गेला नाही. एका क्वार्टरचं तीन दिवसांचं पिणं झालं. दुसऱ्या रात्रीची बाटली मित्राची, म्हणून ती वहीत नाही.

व्यसनमुक्तीला किती खर्च येतो असं विचारलं की लोक दाखल होण्याची फी सांगतात. तिच्याबद्दलही सांगतोच, पण स्वतःला शिव्या घालण्याचा खर्च त्याहून मोठा असतो आणि तो कुठल्याच पावतीवर येत नाही.

आधी फुकट काय मिळतं ते पाहू. १५ ऑगस्ट २०२३ पासून महाराष्ट्रात सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून जिल्हा रुग्णालयापर्यंत सगळी त्यात येतात. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येत नाहीत. येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीची प्रादेशिक मनोरुग्णालये याच विभागाची. केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवतात ती पुनर्वसन केंद्रंही आहेत. आपल्या जिल्ह्यात कुठलं आहे ते १४४४६ या व्यसनमुक्तीच्या टोल फ्री नंबरवर विचारा. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या मीटिंगला फी नाही. शेवटी पिशवी फिरते, तीत दहा रुपये टाका किंवा टाकू नका.

खासगी आणि संस्थांच्या केंद्रांचे दर इतके वेगवेगळे आहेत की सरासरी सांगण्यात अर्थ नाही. पुण्याच्या मुक्तांगणमध्ये, जे डॉ. सुनंदा (अनिता) आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलं, निवासी उपचार ३५ दिवसांचे असतात. काही ठिकाणी तीन-तीन महिने ठेवतात. म्हणून ‘महिन्याचे किती’ असं न विचारता ‘घरी येईपर्यंत एकूण किती’ असं विचारा. औषधं आणि रक्ततपासणी त्यात धरली आहे का? मध्येच घरी न्यावं लागलं तर किती परत मिळतील? आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्लिप झाली तर काय? जे केंद्र म्हणतं, ‘या, फॉलोअपमध्ये बघू’, ते घ्या. जे ‘आमच्याकडे स्लिप होतच नाही’ असं छातीठोक सांगतं, तिथून चहा न पिता उठा. व्यसनातून बाहेर पडणाऱ्यांत पुन्हा घसरण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्के सांगितलं जातं. दमा आणि रक्तदाबाचे रुग्णही जवळपास तितकेच पथ्यावरून ढळतात. त्यांना कोणी नालायक म्हणत नाही.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याखाली केंद्राची नोंदणी आहे का, तो कागद बघायला मागा. या कायद्यानं माणसाला साखळीनं बांधायला मनाई केली आहे. शिस्तीच्या नावाखाली अपमान करणारी केंद्रं पैसे घेऊन तीच लाज विकतात, जी पेशंट घरून घेऊन आलेला असतो.

दोन खर्च मात्र अजिबात करू नका. एक म्हणजे ‘न सांगता दारू सोडवा’वाली पावडर. तिच्यात काय आहे ते कळत नाही, आणि डायसल्फिराम असेल तर त्यावर दारू प्यायल्यास रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. दुसरा, रोज भरपूर पिणाऱ्याला घरी कोंडून एकदम बंद करणं. दोन-तीन दिवसांत फिट किंवा भ्रम होऊ शकतो, मग आयसीयूचं बिल. विम्याच्या भरवशावर राहू नका. व्यसनाचे उपचार बहुतेक पॉलिसींत वगळलेले असतात.

आता कोर्ट. एनडीपीएस कायद्याच्या कलम ३९ नुसार सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला कोर्ट लगेच शिक्षा न देता, त्याच्या संमतीनं, उपचारासाठी बाँडवर सोडू शकतं. अल्प म्हणजे गांजा १ किलोपर्यंत, चरस १०० ग्रॅम, गर्द ५ ग्रॅम. उपचारांचा अहवाल जास्तीत जास्त एका वर्षात द्यावा लागतो. कलम ६४अ मध्ये, अशाच गुन्ह्यात स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनीवर खटलाच चालत नाही. पण उपचार पूर्ण केले नाहीत तर हे संरक्षण जाऊ शकतं. दोन्हींत केंद्र सरकारी किंवा सरकारमान्य लागतं. हे न बघता कुठेही पैसे भरले, तर त्या पावतीचा कोर्टात उपयोग नाही. अटकेत असलेल्याला, तसंच स्त्रियांना आणि अनुसूचित जाती-जमातींना, उत्पन्न न बघता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, नंबर १५१००. दारू पिऊन गाडी चालवण्याचा दंड मात्र पहिल्यांदा १०,००० रुपये, दुसऱ्यांदा १५,०००, शिवाय कैदही होऊ शकते.

कायद्याचे शब्द नीट वाचा: ‘उपचार पूर्ण’. स्लिप होणं वेगळं आणि उपचार सोडणं वेगळं. कोर्ट काय धरेल ते वकिलाला विचारा, पण तारखेला गैरहजर राहून बाजू कधीच सुधारत नाही. माझ्या भावानं फॉलोअप बुडवला तो कोर्टाच्या भीतीनं, आणि कोर्टाला द्यायचा कागद त्या फॉलोअपमधूनच तयार होणार होता.

ॲलन मार्लट या मानसशास्त्रज्ञानं १९८५ मध्येच हे मांडलं: पहिल्या घोटापेक्षा ‘मी संपलो, आता काय उरलं’ हा विचार माणसाला पुढच्या बाटलीपर्यंत नेतो. मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ पासून स्वतःवरच्या करुणेचा अभ्यास मांडला, तो याला उतारा ठरू शकतो. आपल्याकडे करुणा हा शब्द काढला की घरचे बिथरतात, ‘म्हणजे लाड करायचे का?’ कीव आणि माया यांत फरक आहे. कीव म्हणते, माझंच नशीब फुटकं. माया म्हणते, चुकलं, माझ्यासारखे पुष्कळ चुकतात, आता जेव आणि फोन लाव. दंड भरायचाच, तारखेला उभं राहायचंच. मीटिंगमध्ये शेजारच्या खुर्चीवरच्या माणसानं स्लिप सांगितली, तर आपण त्याला जे बोललो असतो, तेच स्वतःला बोलायचं. एवढीच सवय आहे. तीही पहिल्यांदा जमत नाही. भाऊ म्हणतो, आरशासमोर बोलताना हसू यायचं, म्हणून वहीत लिहायला लागलो.

घरच्यांसाठी सल्ला पैशांतला आहे. सगळी रक्कम पहिल्यांदा दाखल करतानाच घालू नका. थोडी फॉलोअपच्या बसभाड्याला आणि एका स्लिपला बाजूला ठेवा. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार वेळा धोक्याच्या. त्या वेळी गरम जेवण वाढलं तर ते औषधापेक्षा स्वस्त पडतं.

वहीत आणखी एक पान आहे, पहिल्यानंतर अकरा महिन्यांचं. क्वार्टर १७०, अर्धी ओतून दिली. फोन ०. रिक्षा केंद्रापर्यंत १२०. खाडा एक, ७००. बेरीज ९९०. ‘लपवणे’ हा रकाना कोरा.

तुम्ही किंवा तुमच्या घरातलं कोणी उपचारात असेल, तर आजच वहीच्या पहिल्या पानावर १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ लिहून ठेवा. आणि त्याखाली अशा एका माणसाचा नंबर, जो रात्री अकराला ‘स्लिप झाली’ एवढं ऐकून ‘कुठे आहेस?’ असं विचारेल.