गाडीचा रंग, पक्के बिल आणि कारागिराची पत

सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर नळदुर्ग व उमरगा, सोलापूर-धुळे रस्त्यावर तुळजापूर व येडशी; या गावांतून जाताना डेंटिंग-पेंटिंगची पत्र्याची दुकाने दिसतात. त्यांतील अनेक उस्ताद आपल्याच समाजाचे आहेत. हुनर उत्तम. तरीही अपघाताची गाडी मालक सोलापूर-लातूरच्या वर्कशॉपला नेतो. विचारले तर म्हणतो, "मिस्त्री चांगला आहे हो, पण विम्याला बिल लागते."

आम्ही कापडवाले. रंगाविषयी जे कळते ते गिऱ्हाइकांच्या तक्रारींतून. एकाच रंगाची पण वेगवेगळ्या लॉटची दोन थाने ट्यूबलाइटखाली सारखी दिसतात आणि उन्हात नेली की फरक उघडा पडतो. आमच्या व्हॅनच्या दरवाजाचे नेमके हेच झाले. मगरिबनंतर गाडी ताब्यात घेतली, सकाळी पाहतो तो दरवाजा निराळा! मिस्त्रीने कंपनीचा कोड पाहूनच रंग आणला होता. परंतु मेटॅलिक रंग हवेचा दाब, गनचे अंतर आणि थिनर यांनीही फिकट-गडद होतो. म्हणून आधी पत्र्याच्या तुकड्यावर रंग व क्लिअर मारावा, सुकल्यावर तो गाडीला लावून उन्हात पाहावा. फरक राहिलाच तर शेजारच्या भागावर रंग विरळ करत न्यावा आणि क्लिअर मात्र तो भाग पूर्ण झाकेल असा घ्यावा.

फिनिशिंगला खरी परीक्षा आहे. कंपनीच्या क्लिअरचा थर साधारण 40-50 मायक्रॉनचा, म्हणजे डोक्याच्या केसाहूनही पातळ. 1500-2000 नंबरचा पाणी पेपर आणि रबिंग यांनी तो दरवेळी झिजतो. कडांवर तर आधी उडतो. रंगाची जाडी मोजणारे छोटे मीटर मिळते. मूळ रंग 100 ते 150 मायक्रॉनच्या आसपास भरतो, खाली लांबी असेल तर आकडा एकदम चढतो. (प्लास्टिकच्या बंपरवर साधे मीटर चालत नाही.) काम घेताना व देताना हे आकडे लिहून गिऱ्हाइकाला दाखवावेत. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आत ओल लागली, तेव्हा विक्रेत्याला ओला माल वर का ठेवला नाही म्हणून खडसावले. रंगाखालच्या लांबीलाही तोच हिशेब लागू आहे.

आता बिल. साध्या मोटार विम्यात रंगकामाच्या साहित्यावर 50 टक्के घसारा कापतात, मजुरीवर नाही. साहित्य-मजुरी एकत्र लिहिली असेल तर रंगकामाच्या रकमेपैकी 25 टक्के साहित्य धरतात. म्हणजे 12,000 च्या एकत्र बिलात साहित्य 3,000 आणि कपात 1,500. झिरो डेप्रिसिएशन पॉलिसीत ही कपात सहसा नसते. मिस्त्रीला एवढे ठाऊक असेल तर मालकाच्या खिशातून किती जाणार हे तो आधीच सांगू शकतो आणि शेवटची हुज्जत वाचते. मात्र डेंटिंग, सुटे भाग व रंग यांचे आकडे वेगळे हवेत. आणि ते खरे हवेत, हे सांगणे नको. पुष्कळांचा समज आहे की जीएसटी नंबराशिवाय बिलच देता येत नाही. तसे नाही. सेवेची वार्षिक उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही. बिल द्यावे, फक्त त्यावर कर लावू नये. 2020 पासूनची उद्यम नोंदणी मोफत आहे, ती करून बिलावर नंबर छापावा.

तोंडाला रुमाल बांधून टू-के रंग मारणारे उस्ताद पाहिले की जीव कासावीस होतो. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, त्याने दमा जडतो आणि मग गन कायमची ठेवावी लागते. रुमाल धूळ अडवील, वाफ नाही. योग्य काडतुसाचा मास्क आणि मोकळी हवा हवीच.

शागिर्दांसाठी आयटीआयचा ऑटो बॉडी पेंटिंगचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. ज्यांनी शाळा सोडून गन धरली, त्यांच्या अनुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची पद्धतही ऑटोमोटिव्ह स्किल्स डेव्हलपमेंट कौन्सिलकडे आहे. चौकशी जवळच्या कौशल्य विकास केंद्रात करावी आणि जाताना आपल्या कामाचे आधी-नंतरचे फोटो सोबत न्यावेत.