संशोधनाचा ताळेबंद कसा वाचावा?

मानसोपचारतज्ज्ञांच्या परिचयात ‘इतके शोधनिबंध, इतके उल्लेख’ असे आकडे असतात. देणगीदारांनी ते कसे वाचावेत? निबंधांची संख्या ही केवळ उलाढाल होय. इतर संशोधकांनी त्यांचा किती वेळा आधार घेतला, हे उल्लेखांवरून कळते. दोहोंचा मेळ घालणारा ‘एच-निर्देशांक’ भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये मांडला. पाच निबंधांचे उल्लेख ४०, १२, ३, २ व १ असल्यास निर्देशांक ३ येतो. कारण किमान तीन उल्लेख लाभलेले निबंध तीन आहेत.

मुंबईत जन्मलेले डॉ. विक्रम पटेल हे गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘संगाथ’ संस्थेचे सहसंस्थापक. त्यांच्या निबंधांचा आधार जगभर घेतला जातो. त्यांच्या चमूचा २०१० मधील ‘लॅन्सेट’मधील निबंध पाहावा. गोव्यातील सरकारी आरोग्य केंद्रांत प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांची जोड मिळाली, तेथे नैराश्य व चिंताविकाराचे ६५.९ टक्के रुग्ण सहा महिन्यांनी बरे आढळले. एरवीच्या उपचारांत हे प्रमाण ४२.५ टक्के होते. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही, हेही निबंधात प्रांजळपणे नोंदविले आहे.

हे सारे निर्देशांकातून कळत नाही. त्यासाठी निबंधच वाचावा लागतो. बारामती-इंदापूरच्या खेड्यांतील रुग्णाला निर्देशांकाचा उपयोग नाही, गावाजवळच्या समुपदेशकाचा आहे. म्हणून संशोधनास साह्य करताना ‘उल्लेख किती?’ यापाठोपाठ ‘गुण कोणाला आला?’ हेही आपण अवश्य विचारावे, ही नम्र विनंती.