भाचेबुवांस, पहिल्या अल्बमआधी

नांदेड

चि. भाचेबुवा,


तू पाठवलेलं ऑर्गनचं रेकॉर्डिंग ऐकलं. हात तयार आहे, वादच नाही. तरी अल्बमची घाई नको. तू कुठं थांबतच नाहीस! साथीला बसलास की गायक दम घेतो ती जागा भरणं हे तुझं कामच. एकट्यानं वाजवताना मात्र गायकही तूच, आणि तो दमच घेत नाही.

वाद्याचा स्वभावच तसा. पाय भाता मारत राहिले की वारा संपत नाही, वर दोन्ही हात मोकळे.

अमेरिकेतल्या जिमी स्मिथचा हॅमंड ऑर्गन तर विजेवरचा. पट्टी दाबून ठेवली की सूर अखंड. पियानो सोडून हा गडी फिलाडेल्फियातल्या एका गोदामात ऑर्गन घेऊन बसला, आणि १९५६ साली ‘ब्लू नोट’ कंपनीनं त्याचा पहिला अल्बम काढला. सोल जॅझवाले ऑर्गनिस्ट पुढं त्याच वाटेनं गेले. खालचा खर्ज तो पायांनी वाजवी. (तुझे पाय भात्यात गुंतलेले, ती चैन तुला नाही.) पण जागा उचलायचा त्या सॅक्सोफोनवाल्यांच्या, ऑर्गनवाल्यांच्या नव्हे. फुंकणाऱ्याला दम घ्यावाच लागतो. तोच याच्या बोटांत उतरला.

लांब कशाला, आपल्या जालन्याकडचे आप्पा जळगावकर आधी गाणं शिकले, मग पेटीकडे वळले. पी. मधुकरांच्या पेटीवरच्या नाट्यपदांच्या तबकड्या मिळवून ऐक. शब्द नसताना पद कळतं. आणि याच पेटीला आकाशवाणीनं १९४० ते १९७१ दाराबाहेर ठेवलं होतं!

तुझ्या यादीत यमनपासून भैरवीपर्यंत सगळा बाजार भरलाय. तीनच चिजा ठेव. प्रत्येक चीज आधी गा, आवाज फाटका असला तरी. दम सुटेल तिथं वहीत खूण कर आणि वाजवताना तिथं हात उचल. भाता मात्र पडू देऊ नकोस, नाहीतर पुढचा सूर मरतुकडा येतो. पायट्यांच्या बिजागऱ्यांना तेल घाल. माइक ती कुरकुर आधी पकडतो.

रविवारी इकडं ये. हुजूर साहिब गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणारे रागी स्वतः पेटी वाजवत गातात. जवळ बसून त्यांचा उजवा हात बघ. अहमदपूर-लोह्यावरून येणारी सकाळची एसटी धर. तबला आणू नकोस, घरी आहे.

तुझा,
मामा