इंटरनेटचा पत्ता वाचायला शिकू या



मोबाईल आता घरोघरी आहे, पण इंटरनेटचे शब्द माहीत नसले की फसगत होते. म्हणून मी टपालाचे उदाहरण घेऊन थोडी माहिती सांगते.

नेटवर्क : संगणक तारेने किंवा बिनतारी एकमेकांना जोडले की नेटवर्क, म्हणजे जाळे होते. जगातली अशी जाळी जोडून झालेले मोठे जाळे म्हणजे इंटरनेट. २९ ऑक्टोबर १९६९ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातून स्टॅनफर्डच्या संशोधन संस्थेत पहिला निरोप गेला. 'लॉगिन' पाठवायचे होते, पण 'एल' आणि 'ओ' एवढीच अक्षरे पोचली अन् यंत्रणा बंद पडली! भारतात सर्वांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले.

पॅकेट : फोटो पाठवला की त्याचे छोटे तुकडे होतात. प्रत्येकावर पत्ता असतो. सगळे तुकडे पोचले की क्रमाने जुळतात.

राउटर : टपाल कार्यालयात पत्ता बघून पत्रे पुढे धाडतात ना? तेच काम राउटर करतो.

सर्व्हर : माहिती साठवून ठेवणारा आणि मागेल त्याला देणारा संगणक.

आयपी पत्ता : संगणकाचा आकडी पत्ता. जुन्या पद्धतीत त्यात चार आकडे असतात, प्रत्येक ० ते २५५ मधला.

डोमेन नाव : आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून नाव देतात. हे नीट वाचा. पाकिटावर आधी घर, मग गाव, शेवटी जिल्हा लिहितो. घराला कुणी 'मंत्रालय' नाव दिले म्हणून गाव बदलतं का? इथेही तसेच. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडा. पुढे एकटी तिरपी रेघ येते, तिच्या आधीचे शेवटचे शब्द बघा. पीएम किसान योजनेचा खरा पत्ता 'डॉट जीओव्ही डॉट इन' असा संपतो. पुढे 'पीएम किसान' आणि शेवटी भलतेच काही असेल, तर ती जागा सरकारी नाही.

माझ्या आजीला 'हप्ता जमा होणार, इथे दाबा' असा निरोप आला होता. आम्ही दोघींनी शेवट वाचला आणि तो पुसून टाकला. आजी म्हणाली, "बरं झालं बाई, वाचलं ते!"

मित्रांनो, आज घरी सर्वांना हे समजावून सांगा. ओटीपी कुणालाही देऊ नका. आणि कुणाचे पैसे गेलेच, तर लाजू नका, लगेच १९३० वर फोन करा.