आधी रामराम, मग कॅमेरा
आदिलाबादच्या डोंगरांत शरदाची छायाचित्रे काढण्याचा क्रम

शरद ऋतूची छायाचित्रे म्हटली की युरोप-अमेरिकेतले लालभडक डोंगर डोळ्यांपुढे येतात. तो लाल रंग मनात धरून आदिलाबादला गेल्यास ऑक्टोबरात हिरवा साग पाहून हिरमोड होतो. इथल्या सातमाळा आणि निर्मळच्या डोंगरांवर पानझडी जंगल आहे, पण पानगळ उशिरा होते. सागाची पाने नोव्हेंबरनंतर झडू लागतात. खरा लाल रंग पळसाच्या फुलांतून आणि कुसुमाच्या कोवळ्या पालवीतून फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. शरदाचा रंग वेगळ्या ठिकाणी असतो आणि तो टिपायचा क्रमही वेगळा आहे.

या भागातल्या गोंड घरांत नवे पीक आधी देवाला दाखवतात, मगच तोंडी लावतात. पुढच्या नऊ पायऱ्या त्याच रीतीने मांडल्या आहेत. कृतज्ञता ही शेवटी चित्राखाली लिहायची ओळ नसून कामाच्या प्रत्येक टप्प्यावर करायची गोष्ट आहे.

1. रंगांची यादी करावी. निघण्यापूर्वी आपण काय शोधणार आहोत ते कागदावर लिहावे. डोंगरउतारावर सोनेरी-तांबूस होत जाणारे कुसळी गवत, ओढ्याकाठी काशाचे पांढरे तुरे, तरवडाची पिवळी फुले, बांधावरचा गुलाबी-पांढरा कुरडू, फुटलेला कापूस आणि निवळलेले पाणी, एवढे या ऋतूचे भांडवल आहे. तरवड म्हणजे तेलुगूतले तंगेडु, तेलंगणाचे राज्यपुष्प. घटस्थापनेच्या आदल्या दिवसापासून नऊ दिवस चालणाऱ्या बतुकम्मा उत्सवात हीच फुले आणि कुरडू थरांनी रचतात व शेवटी पाण्यात सोडतात. या दिवसांत गेल्यास फुले रानातही दिसतील आणि अंगणातही.

2. तारखा आणि मुक्काम ठरवावा. नैर्ऋत्य मोसमी पाऊस साधारण ऑक्टोबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तेलंगणातून परततो. त्यानंतर हवा धुतल्यासारखी होते. दसरा ते कार्तिक पौर्णिमा हा काळ सर्वांत सोयीचा. धबधब्यात पाणी हवे असेल तर ऑक्टोबर, कापूस आणि सोनेरी गवत हवे असेल तर नोव्हेंबर निवडावा. नागपूर किंवा हैदराबादकडून राष्ट्रीय महामार्ग 44 ने, नांदेडकडून मुदखेड-किनवट रेल्वेमार्गाने आदिलाबाद गाठता येते. धबधब्यांसाठी इच्चोडा-नेरडीगोंडा बाजू, आतल्या डोंगरांसाठी उटनूर बाजू धरावी. एका सहलीत एकच बाजू घ्यावी.

3. परवानगी घ्यावी. 2016 मध्ये जुन्या आदिलाबादचे आदिलाबाद, निर्मळ, मंचेरियाल आणि कोमरम भीम आसिफाबाद असे चार जिल्हे झाले. 2012 मध्ये घोषित झालेला कवाल व्याघ्र प्रकल्प या जिल्ह्यांमध्ये पसरलेला आहे. म्हणून आपण जाणार ती जागा कोणत्या वनविभागात येते हे आधी विचारावे. वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय जंगलात ड्रोन उडवू नये. गावात शिरल्यावर पिशवीची चेन उघडण्याआधी रामराम करावा आणि कोठून आलो, कशाची चित्रे काढणार, हे सांगावे. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत किनवट आणि राजुरा हे तालुके इथून निघून मराठी मुलुखात गेले, पण गोंडी आणि तेलुगूबरोबर मराठी इथे अजून घरचीच आहे. भाषेची अडचण बहुधा येत नाही.

4. पिशवी हलकी भरावी. एक रुंद कोनाचे आणि एक दूरचे भिंग, तिपाई, जादा बॅटरी, मऊ कापड आणि पोलरायझर एवढे पुरते. पोलरायझर म्हणजे भिंगापुढे बसवायची फिरती काच. ओल्या पानांवरची आणि पाण्यावरची चकाकी ती कमी करते, त्यामुळे पानांचा मूळ रंग दिसतो. सूर्य आपल्या उजव्या किंवा डाव्या खांद्याकडे असताना तिचा परिणाम सर्वाधिक मिळतो. पायात उंच बूट असावेत, कारण कुसळे मोज्यांत घुसतात. गवतात उभे राहून भिंग बदलू नये. मोबाइलवर काम करणार असाल तर तिपाईला बसणारा पकड-चिमटा आणि रोज सकाळी भिंग पुसण्याची सवय, एवढी तयारी ठेवावी.

5. पहाट डोंगरांच्या थरांसाठी ठेवावी. ऑक्टोबरच्या मध्यावर इथे सूर्य साधारण सव्वासहाला उगवतो. आपण साडेपाचला जागेवर असावे. पहिली दहा मिनिटे कॅमेरा बाहेर काढू नये. धुके कोठून उठते, कोणती रांग आधी उजळते, हे नुसते पाहावे. थंड केलेल्या खोलीतून आणलेल्या भिंगावर दव धरते. पिशवीतच ते बाहेरच्या हवेला सरावते, हा थांबण्याचा दुसरा फायदा. नंतर दूरचे भिंग लावावे. 100 ते 200 मिलिमीटरवर एकामागच्या एक रांगा जवळ आल्यासारख्या दिसतात आणि धुक्यामुळे प्रत्येक रांग मागे मागे फिकी होत जाते. इथले डोंगर फार उंच नाहीत. त्यांची शोभा या थरांमध्ये आहे, म्हणून चौकटीत आकाश थोडेच ठेवावे. छिद्र एफ/8 ते एफ/11 आणि आयएसओ 100 ठेवून तिपाईवर काम करावे. मोबाइलवर उजळ धुक्यावर बोट दाबून धरले की उजेड कुलूपबंद होतो.

6. धबधब्यावर आधी पाय, मग चित्र. कुंटाला धबधबा नेरडीगोंडा मंडलात कडेम नदीवर आहे आणि सुमारे 45 मीटर उंचीवरून टप्प्याटप्प्याने कोसळतो. जवळच बोथ मंडलातला पोचेरा उंचीने लहान, पण पात्राने खोल आहे. दोन्हीकडे खडक शेवाळलेले असतात आणि तळाचा अंदाज येत नाही. कठड्यापलीकडे किंवा पाण्यात उतरू नये. पाण्याची रेशमी धार हवी असेल तर झडप अर्धा सेकंद उघडी ठेवावी. भर उजेडात ते शक्य होत नाही, म्हणून सावली पडल्यावर किंवा ढगाळ वेळी जावे. कॅमेऱ्याला हात लावल्याने होणारा हादरा टाळण्यासाठी दोन सेकंदांचा टायमर वापरावा.

7. दुपार जवळच्या वस्तूंना द्यावी. दहा वाजल्यानंतर डोंगरांवरचा उजेड सपाट होतो. तेव्हा सागाखाली जाऊन पाने पाहावीत. पावसाळ्याच्या अखेरीस एका लहान पतंगाच्या अळ्या सागाच्या पानाचा हिरवा गर खातात आणि शिरांची तपकिरी जाळी मागे ठेवतात. असे पान सूर्य आणि आपण यांच्यामध्ये आले की प्रत्येक शीर वेगळी दिसते, आणि एखाद्या कोपऱ्यात न खाल्लेला हिरवा ठिपकाही चमकतो. उजेड एक पायरी वाढवावा, नाहीतर जाळी काळी पडते. पान तोडू नये. खाली पडलेले असेल तर उचलावे, चित्र घ्यावे आणि तेथेच ठेवावे.

8. माणसे आणि शेते विचारूनच टिपावीत. फुटलेल्या कापसाच्या शेताचे चित्र करडे येते, कारण भरपूर पांढरे दिसले की कॅमेरा आपोआप उजेड कमी करतो. एक्स्पोजरची दुरुस्ती दोन तृतीयांश ते एक पायरी अधिक ठेवावी. वेचणी चालू असेल तर मजुरांच्या ओळीत शिरू नये, त्यांचा रोज वजनावर असतो. घाटरस्त्यावर सीताफळांची टोपली घेऊन बसलेल्या बाईंकडून फळे अवश्य घ्यावीत, मात्र खरेदी म्हणजे चित्राची परवानगी नव्हे. ती वेगळी मागावी. दिवाळीच्या आधीपासून गोंड गावांत दंडारी हा नाचाचा उत्सव सुरू होतो. मोरपिसांचा मुकुट घालून नाचणारे घुसाडी हे त्या दिवसांत देवरूप मानले जातात. मार्लावायचे घुसाडी नर्तक कनक राजू यांना 2021 मध्ये पद्मश्री जाहीर झाली, तेव्हा या नृत्याकडे बाहेरच्यांचे लक्ष अधिक गेले. आपण गावच्या पटेलांना विचारावे, कडेला उभे राहावे, फ्लॅश बंद ठेवावा आणि मुकुटाला किंवा नर्तकाला हात लावू नये. नकार मिळाला तर नाच डोळ्यांनी पाहावा.

9. परतल्यावर हिशेब पुरा करावा. सायंकाळी चित्रे तपासताना उजेडाचा आलेख, म्हणजे हिस्टोग्राम, पाहावा. आलेख उजव्या कडेला चिकटला असेल तर पांढऱ्यातला तपशील गेला आहे, दुसऱ्या पहाटे तेथे पुन्हा जावे. संगणकावर रंग सुधारताना गवत केशरी करण्याचा मोह आवरावा. आपण पाहिला तेवढाच रंग ठेवावा. चित्रे लोकांपुढे मांडताना गावाचे नाव बरोबर लिहावे, पण घरट्याची किंवा आतल्या देवस्थानाची नेमकी जागा देऊ नये. आणलेले प्लास्टिक परत नेले का, हेही याच यादीत तपासावे.

शेवटचे काम सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त राहून जाणारे आहे. ज्यांनी उभे राहू दिले, वाट दाखवली, चित्र काढू दिले, त्यांचे पत्ते त्याच दिवशी वहीत लिहून घ्यावेत आणि महिन्याच्या आत प्रत्येकाला कागदावर छापलेली एक प्रत टपालाने पाठवावी. पुढच्या शरदात त्याच गावी गेल्यावर ती प्रत भिंतीवर दिसली, तर पहिल्या सहलीचे काम नीट झाले असे समजावे.