परमुलखातला साक्षीदार

मुदखेड, जिल्हा नांदेड
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

चिरंजीव बाळास मामाचे अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतची माहितीपत्रके पोहोचली. अमेरिकेत शिष्यवृत्तीतील निवास आणि भोजन यांच्यासाठी मिळणाऱ्या भागातून शेकडा १४ प्रमाणे कर कापला जातो, तो परत मागावयाचा तर करदात्याचा क्रमांक पाहिजे, आणि त्या क्रमांकासाठी पुन्हा पारपत्र, अर्ज व साक्षांकन यांचे हेलपाटे घालावे लागतात, याने तू त्रासून गेला आहेस. "येथे पावलोपावली मी कोण ते सिद्ध करावे लागते," हे तुझे वाक्य वाचून तुझी आई दिवसभर गप्प होती. संध्याकाळी ती म्हणाली, "दादा, तुमची हयात तहसील कचेरीत गेली, तुम्हीच त्याला चार शब्द लिहा." बहिणीचा शब्द मोडवला नाही, म्हणून हे पत्र.

बाळ, आपल्या स्थानकावर आदिलाबादच्या गाडीतून तू उतरलास की चहावाला तुला तुझ्या आजोबांच्या नावाने हाक मारतो, वाणी तुझा चेहरा पाहून उधारी लिहितो, आणि तू अमक्याचा नातू आहेस हे सांगावयास गावात शंभर माणसे उभी राहतात. परमुलखात पाऊल ठेवताच हे सर्व जिवंत साक्षीदार मागे राहतात आणि त्यांची जागा एकटा कागद घेतो. या गोष्टीने मन खट्टू होणे स्वाभाविक आहे. परंतु ती केवळ अमेरिकेची रीत आहे असे समजू नकोस. निजामाच्या अमदानीत नोकरी मागणाऱ्याला आपण 'मुल्की' आहोत असा दाखला द्यावा लागे, आणि ज्यांच्या पिढ्या गोदावरीच्या काठी गेल्या त्यांनाही तो कचेरीतून काढून आणावा लागे. आजही एखादा परदेशी आपल्या देशात येऊन पॅन घेऊ लागला, तर त्याचा अर्ज निराळ्या नमुन्यावर होतो आणि त्याच्यापुढेही पारपत्राचाच प्रश्न येतो. अनोळखी माणसाचा हिशेब ज्या सरकारला ठेवावयाचा आहे, त्याने ओळख विचारलीच पाहिजे.

आता मुद्द्याकडे वळू. तेथे क्रमांक दोन आहेत आणि तुझ्या पत्रात त्यांची गल्लत झाली आहे. सोशल सिक्युरिटी क्रमांक हा मुळात १९३५ च्या कायद्याने वृद्धांच्या निर्वाहवेतनासाठी सुरू झालेल्या योजनेचा खातेक्रमांक असून, तुझ्यासारख्या एफ-१ व्हिसावरील विद्यार्थ्याला तो वेतनाच्या कामामुळे मिळतो. विद्यापीठाच्या आवारात, सत्र चालू असता आठवड्यास २० तासांपर्यंत, नोकरी मिळाली म्हणजे मालकाचे आणि आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाचे पत्र घेऊन त्यासाठी अर्ज करावयाचा. ज्याला नोकरी नाही, पण ज्याच्या शिष्यवृत्तीवर कर बसतो, त्याच्यासाठी त्यांच्या महसूल खात्याने १९९६ पासून दुसरा क्रमांक देण्यास आरंभ केला. त्यास आयटिन म्हणतात. तो नऊ अंकी असून ९ या अंकाने सुरू होतो. त्याने काम करण्याची परवानगी मिळत नाही, वास्तव्याचा हक्कही मिळत नाही; कराच्या हिशेबापुरतेच त्याचे राज्य. आज तुझ्या हाती नोकरी नाही, म्हणून हाच क्रमांक तुझा आहे.

त्याचा अर्ज डब्ल्यू-७ या नमुन्यावर करावयाचा आणि सामान्यतः तो कराच्या विवरणपत्राला जोडूनच टेक्सासमधील ऑस्टिन येथे पाठवावयाचा. ओळख आणि परदेशी नागरिकत्व या दोन्ही गोष्टी एकट्याने शाबीत करणारा दस्तऐवज म्हणजे पारपत्र. ते नसेल तर दोन निरनिराळे कागद जोडावे लागतात. परंतु मूळ पारपत्र टपालात टाकून कित्येक आठवडे त्याविना राहणे मला धोक्याचे वाटते. पुष्कळ विद्यापीठांत महसूल खात्याने अधिकार दिलेले साक्षांकन अधिकारी असतात; ते मूळ कागद समक्ष पाहून त्याचा दाखला देतात आणि पारपत्र तुझ्या हाती परत करतात. तुझ्या विद्यापीठात तसे कोणी आहे काय, हे प्रथम विचार. अर्जाच्या निकालास सुमारे सात आठवडे लागतात, आणि जानेवारीच्या मध्यापासून एप्रिलअखेरपर्यंतच्या गर्दीत नऊ ते अकरा; तेव्हा उत्तर येईना म्हणून दुसरा अर्ज टाकून गोंधळ वाढवू नकोस.

सर्वांत अधिक जपावयाचे ते नाव. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशी तीन पदे असतात. पारपत्रात मधले पद बहुधा पहिल्या नावाबरोबरच छापलेले असते, तर शाळेच्या दाखल्यावर आडनाव आधी येते, आणि एकाच आडनावाची इंग्रजी अक्षरे बाप-लेकांच्या कागदांवरही जुळत नाहीत. अर्जावर, विवरणपत्रावर, विद्यापीठाच्या दफ्तरात आणि बँकेत, पारपत्रावर जे आहे तेच, अक्षरशः तेच, लिही. तारखेचेही तसेच. ते लोक महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. ७ मार्चचा जन्म आपल्या सवयीने लिहिलास तर तेथे तो ३ जुलैचा होईल.

हे मी एवढे कळकळीने का सांगतो, त्याला एक कारण आहे. मी नोकरीत नवा होतो तेव्हा एक विधवा बाई वारसाची नोंद लावण्यासाठी कचेरीत आली. तिच्या नवऱ्याचे नाव जुन्या उर्दू कागदांत एक, पुढच्या मराठी सातबाऱ्यावर दुसरे, आणि शिधापत्रिकेवर तिसरेच होते. मी तिचा अर्ज तीन वेळा परत केला. नियमाने पाहता माझे चुकले नव्हते. परंतु नावे जुळत नाहीत एवढेच मी तिला सांगितले, ती जुळवावयाची कशी हे सांगितले नाही. शेवटी एका वृद्ध सहकाऱ्याने तिला बसवून घेतले, प्रतिज्ञापत्र आणि गावातील पंचांचे जबाब या दोन गोष्टींनी काम होईल असे समजाविले, आणि फेरफार मंजूर झाला. पण तोवर पेरणीचे दिवस निघून गेले होते आणि त्या हंगामाचे पीककर्ज तिला मिळाले नाही. ती बाई रिकाम्या पिशवीसह कचेरीच्या पायऱ्या उतरताना मला आजही दिसते. म्हणून तुला सांगतो, खिडकीपलीकडच्या माणसाने अर्ज परत केला तर रागाने माघारी फिरू नकोस. काय चुकले हे ऐकून घेतल्यावर, ते कशाने सुधारेल, हा दुसरा प्रश्न नम्रपणे विचार. जो कारकून पहिल्या प्रश्नाला तुटक उत्तर देतो, तोही दुसऱ्या प्रश्नाला बहुधा माणसासारखे उत्तर देतो.

वर्षाचा हिशेबही ध्यानात ठेव. आपले आर्थिक वर्ष एप्रिलला आणि महसुली वर्ष ऑगस्टला सुरू होते. तेथील करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. तुझे विवरणपत्र १०४०-एनआर या नमुन्यावर. वेतन मिळाले असल्यास त्याची मुदत १५ एप्रिल, नसल्यास १५ जून. तथापि तू १५ एप्रिल हीच मुदत मानून चाल. त्याखेरीज ८८४३ क्रमांकाचा एक नमुना आहे. ज्या विद्यार्थ्याला वर्षभरात एक डॉलरही मिळाला नाही त्यानेही तो भरावयाचा असतो, कारण वास्तव्याच्या दिवसांच्या मोजणीतून विद्यार्थी का वगळला जातो ते त्यात नमूद होते. आणि भारत व अमेरिका यांच्यात १९८९ साली झालेल्या करविषयक कराराच्या एकविसाव्या कलमाने आपल्या विद्यार्थ्यांना तेथील रहिवाशासारखी प्रमाणित वजावट मिळते. इतर बहुतेक देशांच्या विद्यार्थ्यांना ती मिळत नाही. २०२४ सालापुरती ही वजावट १४,६०० डॉलर होती. तुझ्या शिष्यवृत्तीचा करपात्र भाग याहून कमी असल्याने कापलेली रक्कम परत येण्यास जागा आहे. मात्र ती मागावयास विवरणपत्र, आणि विवरणपत्रास क्रमांक. ज्या फेरीला तू जाच म्हणतोस, ती तुझ्या हक्काकडे जाणारी वाट आहे.

करासारख्या रुक्ष विषयात मन कसे घालावे, असे तुला वाटत असेल तर एक स्मरण देतो. १९१३ च्या जुलैत एक तरुण बडोदे सरकारची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. त्याच वर्षी घटनादुरुस्तीने अमेरिकेत आयकर स्थिर झाला, आणि त्या कराचे गाढे अभ्यासक प्रोफेसर सेलिग्मन हे त्या तरुणाचे गुरू होते. परक्या देशातील तो विद्यार्थी म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सरकार रयतेकडून पैसा कसा घेते आणि कोणत्या न्यायाने खर्चते, हाच विषय त्यांनी अभ्यासाला घेतला. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेच्या विकासावरील त्यांचा ग्रंथ १९२५ साली प्रसिद्ध झाला, त्यास सेलिग्मन यांचीच प्रस्तावना आहे. पुढे औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय उभारून आपल्या मराठवाड्याच्या मुलांना त्यांनी शिक्षणाचे दार उघडून दिले. करपत्रकातील आकड्यांत राज्य आणि माणूस यांचे नाते लिहिलेले असते, हे ज्याला दिसले त्याला तो विषय रुक्ष वाटला नाही.

क्रमांक आल्यावरही काही पथ्ये आहेत. तो कोणाला सहज सांगू नकोस; मित्राचा क्रमांक उसना घेऊ नकोस, किंवा रकाना रिकामा राहू नये म्हणून मनाने अंक भरू नकोस, कारण रिकामा रकाना पुढे भरता येतो, खोटा अंक मात्र माणसाची पाठ सोडत नाही. लागोपाठ तीन वर्षे विवरणपत्रात वापरला नाही तर आयटिन रद्द होतो. पुढे नोकरी लागून सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळाला, तर आयटिन वापरणे थांबवून महसूल खात्याला तसे लेखी कळव, म्हणजे दोन्ही खाती एक होतील. प्रत्येक कागदाची नक्कल आणि टपालाची पावती एका बस्त्यात राख.

शेवटी एक मागणे. पुढल्या वर्षी नांदेड-लातूरकडून एखादे पोर तुझ्या विद्यापीठात येईल, हातात असाच परत आलेला अर्ज घेऊन उभे राहील, आणि त्याला ओळखणारे तेथे कोणी नसेल. त्या वेळी त्याला बसवून घे, आणि काय चुकले ते सांगून थांबू नकोस. कसे सुधारेल ते सांग. माझ्याकडून एका बाईला जे सांगावयाचे राहिले, ते तू त्याला सांगितलेस तर माझ्यावरचे जुने ऋण थोडे हलके होईल.

तुझ्या आईने सांडगे आणि मेतकूट करून ठेवले आहे. कोणी येणारे असल्यास कळव. प्रकृतीस जप.

तुझा
मामा